एका खात्यामागे एक माणूस

बेळगाव आणि खानापूर या दोन तालुक्यांत मिळून सहा शाखा असलेल्या एका सहकारी पतसंस्थेत मी २०१६ च्या जून महिन्यात संगणक विभाग सांभाळण्यासाठी रुजू झाले. सर्व्हर, दोन यूपीएस आणि जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची खोकी ठेवलेली जिन्याखालची खोली एवढाच तो विभाग होता आणि त्यात काम करणारी मी एकटीच होते. पहिल्या आठवड्यात मी संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून वापरकर्त्यांची यादी काढली. प्रत्येक शाखेच्या नावापुढे ‘क्लार्क १’, ‘क्लार्क २’, ‘कॅश’ आणि ‘मॅनेजर’ अशी चार लॉगिन होती, आणि या सर्वांच्या वर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हे एक लॉगिन होते. संपूर्ण यादीत एकाही माणसाचे नाव नव्हते. सहाही शाखांचा पासवर्ड एकच होता आणि एका शाखेत तो कॅश केबिनमधल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेला मी स्वतः पाहिला.

यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, हे मला प्रथम सांगितले पाहिजे. एखादा क्लार्क रजेवर गेला, कोणाच्या घरी लग्न निघाले किंवा पावसाने जांबोटीकडची बस आली नाही, तरी काउंटरवरच्या माणसाचे काम अडू नये, एवढाच त्यामागचा विचार होता. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन शेताला जाणाऱ्या माणसांनी चालवलेली ती संस्था होती. त्यामुळे ही पद्धत चुकीची आहे असे मनात येऊनही मी पहिले सहा महिने काही बोलले नाही, आणि त्या न बोलण्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागली.

२०१७ च्या जानेवारीत एका शाखेत एका सभासदाची मुदत ठेव मुदतीपूर्वी बंद होऊन तिची रक्कम त्याच नावाच्या दुसऱ्या सभासदाच्या बचत खात्यात जमा झाली. चूक दुसऱ्या दिवशी लक्षात आली, रक्कम परत फिरवली गेली आणि सभासदाचे काही नुकसान झाले नाही. परंतु ही नोंद ‘क्लार्क २’ या लॉगिनवरून झालेली होती आणि त्या काउंटरवर नेहमी नव्याने लागलेली एक मुलगी बसत असे. तिच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. त्या दिवशी दुपारी ती जेवायला गेली असताना तेच लॉगिन उघडे राहिले होते आणि दिवसभरात निदान चौघांनी ते वापरले होते. मी सॉफ्टवेअरमधली व्यवहारांची नोंदवही तपासली, तेव्हा तीत वेळ होती, रक्कम होती, खाते क्रमांक होता आणि करणाऱ्याच्या नावाच्या जागी फक्त ‘क्लार्क २’ होते. ती मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “ते मी केलेलं नाही, एवढं कॉम्प्युटरला कळत नाही काय, मॅडम?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे मूळ व्हाउचरवरच्या अक्षरावरून ती नोंद दुसऱ्याच एका अनुभवी माणसाने सारख्या नावामुळे नजरचुकीने केल्याचे सिद्ध झाले. त्यानेही ते मोकळेपणाने मान्य केले. मात्र तोपर्यंत जवळजवळ दोन महिने ती मुलगी शाखेत मान खाली घालून वावरत होती. त्या दोन महिन्यांची जबाबदारी मी आजही माझ्याकडे घेते, कारण यादी पाहिल्याच्या दिवशीच मला धोका दिसला होता.

संचालक मंडळापुढे मी वैयक्तिक लॉगिनचा प्रस्ताव मांडला, तेव्हा इतक्या वर्षांत कधी काही झाले नाही, मग आताच ही यातायात कशासाठी, असा सूर निघाला. आमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते. त्यांनी शांतपणे सांगितले की, हजेरीपटावर बाकाची हजेरी मांडता येत नाही, मुलाचीच मांडावी लागते. त्यांच्या या एका वाक्याने जे साधले ते माझ्या आठ पानी टिपणाने साधले नव्हते.

त्यानंतर खरे काम सुरू झाले. लॉगिनला नाव काय द्यावे येथूनच प्रश्न निघाला. नाव आणि आडनाव जोडून लॉगिन करावे असे मला सुरुवातीला वाटले होते. पण आमच्या भागात पाटील आडनावाची एकाच नावाची तीन माणसे एकाच संस्थेत कामाला असणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. म्हणून कर्मचारी क्रमांक हेच लॉगिन ठरवले आणि सोबत पूर्ण नावाची नोंद ठेवली. नोकरी सोडून गेलेल्याचा क्रमांक नव्या माणसाला कधीही द्यायचा नाही, असा नियम लिहून घेतला. तसे केले नाही तर दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीखाली आजच्या माणसाचे नाव दिसू लागते. परवानग्या मात्र माणसाला न देता कामाला दिल्या. रोखपाल, क्लार्क, शाखाधिकारी, कर्ज विभाग आणि लेखापरीक्षक असे गट केले आणि प्रत्येक माणसाला त्याच्या कामाच्या गटात घातले. त्यामुळे बदली झाली की गट बदलायचा, एवढेच काम उरले. ज्याने नोंद केली त्यानेच ती मंजूर करायची नाही, हा नियम वहीखात्याच्या काळातही होता. तो आता संगणकातही बसवला.

एका शाखेचे ज्येष्ठ रोखपाल यामुळे दुखावले गेले. “पंचवीस वर्षे तिजोरीची किल्ली माझ्याजवळ आहे, आता माझ्यावर विश्वास नाही होय?” असे त्यांनी विचारले. मी त्यांच्या शेजारी बसून त्या मुलीची सारी हकिकत त्यांना सांगितली आणि म्हटले, “सर, उद्या तुमच्या नावावर कोणी दुसऱ्याची चूक घातली, तर ती तुमची नाही हे सिद्ध करायला माझ्याजवळ काहीतरी असले पाहिजे.” ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून चहाला उठताना संगणक कुलूपबंद करणारे ते त्या शाखेतले पहिले गृहस्थ ठरले.

चुका माझ्याकडूनही झाल्या. एक क्लार्क बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा न वापरले जाणारे खाते उघडे राहू नये म्हणून मी तिचे विंडोजमधले खाते काढून टाकले आणि ती परतल्यावर त्याच नावाने नवे खाते करून दिले. तिच्या कर्ज प्रकरणांच्या फोल्डरमध्ये मात्र तिला जाता येईना. विंडोज खात्याला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला निर्माण होताना एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो आणि फोल्डरच्या परवानग्या त्या क्रमांकाला जोडलेल्या असतात. खाते पुसले की तो क्रमांक कायमचा जातो, आणि त्याच नावाचे नवे खाते यंत्राच्या दृष्टीने परके असते. तेव्हापासून रजेवरचे किंवा निवृत्त झालेले खाते मी पुसत नाही, निष्क्रिय करते. निवृत्तीच्या दिवशी निरोपसमारंभ संपण्यापूर्वी खाते निष्क्रिय झालेले असावे, यासाठी आस्थापना विभागाच्या कागदावर माझ्या सहीचा एक रकाना वाढवून घेतला. पिग्मीची, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीची, रक्कम गोळा करणाऱ्या आणि चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या एजंटांचे संकेतांक तोवर चालू होते, हे कळल्यावर त्या रकान्याला कोणी विरोध केला नाही.

पासवर्ड दर तीस दिवसांनी बदलला पाहिजे, असा नियमही मी उत्साहाने लावला होता. महिन्याभरात कीबोर्डखाली चिठ्ठ्या दिसू लागल्या आणि अनेकांचा पासवर्ड जुनाच राहून त्याच्या शेवटी केवळ एक आकडा वाढू लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना तो ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये, त्यापेक्षा तो लांब असू द्यावा, असे सांगितले. ते वाचल्यावर मी माझा नियम मागे घेतला. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द सलग लिहावेत, असे मी सर्वांना सुचवले. बऱ्याच जणांना अभंगाची ओळ सुचली. पण जी ओळ साऱ्या गावाला पाठ आहे तिच्यामागे काही लपत नाही, हे समजावून सांगावे लागले. फोनवरून पासवर्ड बदलून मागितला, तर मी फोन ठेवून शाखेच्या लँडलाइनवर स्वतः फोन लावते आणि मागणारा माणूस तोच असल्याची खात्री करते. कोणी विश्वासाने मला आपला पासवर्ड सांगू लागला, तर त्याला वाक्याच्या मध्येच थांबवते.

लोकांना मदत करण्याच्या कामाविषयी मला सर्वांत अधिक सांगावेसे वाटते, कारण या कामाला कोणी काम समजत नाही. आलेल्या प्रत्येक फोनची नोंद मी एका वहीत ठेवू लागले. तारीख, शाखा, माणूस, त्याने सांगितलेले शब्द जसेच्या तसे, प्रत्यक्षात निघालेले कारण आणि केलेला उपाय एवढ्या गोष्टी मी त्यात लिहिते. ‘सिस्टिम हँग झाली’ या तीन शब्दांमागे वहीत मला निरनिराळी कारणे सापडली. कधी प्रिंटरचा कागद संपलेला असे, कधी शाखेची इंटरनेट लाइन बंद असे, कधी एकाच सभासदाचे खाते दोन काउंटरवर उघडे असे, तर कधी समोर आलेली इंग्रजी सूचना कोणाला वाचता येत नसे. ती सूचना मराठीत सांगितली की निम्मे फोन जागच्या जागी मिटत.

पिग्मीचे एक प्रकरण माझ्या कायमचे लक्षात राहिले. रोज थोडी थोडी रक्कम घरोघरी आणि दुकानोदुकानी जाऊन गोळा करण्याची ही योजना याच राज्यात, उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली आणि आज सीमाभागातल्या भाजीबाजारापासून किराणा दुकानांपर्यंत पिग्मी हा शब्द मराठीच झालेला आहे. आमचे एक साठीतले एजंट, ज्यांना सारे मामा म्हणत, एके सकाळी घामाघूम होऊन आले आणि म्हणाले, “ताई, मशीन माझं कालचं कलेक्शन खाल्लं बघा.” रोख रक्कम त्यांच्याजवळ बरोबर होती, पण कोणाचे किती हे त्यांच्या हातातल्या वसुलीच्या यंत्रात नव्हते. मी माउस हातात न घेता त्यांना म्हटले, “मामा, तुम्ही रोज करता तसे माझ्यासमोर करून दाखवा.” त्यांनी यंत्र जोडले आणि सवयीने सभासदांची नवी यादी यंत्रात घेण्याचे बटण आधी दाबायला बोट पुढे केले. आदल्या दिवशीची वसुली सर्व्हरवर चढवण्यापूर्वीच नवी यादी घेतली, तर त्या यंत्रात जुन्या नोंदींवर नव्या नोंदी बसत. दोन्ही बटणांवर इंग्रजी शब्द होते आणि त्यातला एकही मामांना येत नव्हता. बटणाच्या जागेवरून ते काम करत आणि सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत बटणांची अदलाबदल झाली होती. मामांनी प्रत्येक दुकानदाराला दिलेल्या पावतीची दुसरी प्रत पिशवीत जपून ठेवली होती, म्हणून त्या दिवशीच्या नोंदी आम्ही दोघांनी बसून हाताने भरल्या. आधी चढवणे, मग बेरीज जुळवणे आणि शेवटी यादी घेणे, हा क्रम मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक शाखेत यंत्राशेजारी लावला. वसुली चढवल्याशिवाय यादी घेताच येणार नाही, असा बदल सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांकडून करून घ्यायला मला आणखी पाच महिने लागले. दोष वापरणाऱ्याचा आहे, असे ते तोपर्यंत सांगत राहिले. साठ वर्षांच्या माणसाला न वाचता येणाऱ्या भाषेत बटण द्यायचे आणि ते चुकीचे दाबल्याचा दोष त्यालाच द्यायचा, हे मला मान्य नव्हते आणि आजही नाही.

खात्यांची घडी बसल्यावर मी सभासदांच्या माहितीकडे वळले, आणि तेथेही प्रश्न नावाचाच होता. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्यापूर्वीच्या काळातल्या मराठी फाँटमध्ये संस्थेची जुनी सभासद यादी टंकलेली होती. त्या फाँटमध्ये अक्षराला स्वतःची ओळख नसे. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी काना, वेलांटी, अर्धे अक्षर, रफार असे तुकडे बसवलेले असत, आणि तो फाँट संगणकात नसला की नावाऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. याद्या अकारविल्हे लागत नसत, कारण ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असे. परिणामी विठ्ठल, शिवाजी, किरण आणि गिरीश ही सारी मंडळी यादीत एकाच ठिकाणी गोळा होत. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसली, तरी साठवली जाते व्यंजनानंतर. रफारातला र आणि त्याचा हलन्त मात्र व्यंजनाच्या आधी येतात. म्हणजे रूपांतर करताना चिन्ह बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही लावावा लागतो.

आमच्या यादीत तर दोन कंपन्यांचे दोन फाँट एकाच रकान्यात मिसळलेले होते. कोणती नोंद कोणत्या फाँटची, याची कोठेही खूण नव्हती. चुकीच्या फाँटचा रूपांतरक लावला की कधी सरळसरळ कचरा निघे, आणि त्याची मला भीती वाटत नसे, कारण तो डोळ्यांना दिसतो. परंतु काही वेळा चुकीचेच, पण वाचता येणारे नाव निघे, आणि ते पकडण्यासाठी यंत्राजवळ काही उपाय नव्हता. म्हणून प्रत्येक शाखेची रूपांतरित यादी मी छापून घेतली आणि एकाने जुन्या सभासद नोंदवहीतून नाव मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने यादीवर खूण करायची, अशी पद्धत घातली. हे काम २०२१ च्या पावसाळ्यात सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालले. अनेक नावे शेवटी मामांनीच सोडवली. नोंदवहीतली शाई उडालेली असली, तरी गल्ली आणि बापाचे नाव ऐकून ते माणूस ओळखत.

या कामात ज्या बारीक गोष्टी शिकायला मिळाल्या त्या मला कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेल्या नव्हत्या. नावासाठी ठेवलेला रकाना ४० बाइटचा होता आणि इंग्रजीत एका अक्षराला साठवणीचा एकच बाइट लागत असल्यामुळे तो पुरेसा असे. पण युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. उदाहरणादाखल बाळकृष्ण महादेव पाटील हे नाव घेतले, तर त्याला ५९ बाइट लागतात आणि ४० बाइटच्या रकान्यात ते ‘बाळकृष्ण महादे’ येथे तुटते. चाचणीच्या पहिल्या रात्री शेकडो माणसांची आडनावे अशी गळून पडलेली मी पाहिली. कुऱ्हाडे यासारख्या आडनावातला ऱ दोन वेगवेगळ्या प्रकारांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना संगणक त्यांना दोन माणसे समजतो. ती सर्व रूपे मी एका प्रकारात आणली.

त्याच्याही पुढचा गुंता आमच्या भूगोलाचा होता. ज्ञानेश्वर या नावातला ज्ञ मराठी माणूस रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ असा लिहितो, तर कन्नड वळणाने तो ‘जे-एन’ किंवा ‘जी-एन’ होतो. शाळेच्या दाखल्यावर एक, ओळखपत्रावर दुसरे आणि जमिनीच्या उताऱ्यावर कन्नड लिपीत तिसरे, अशी एकाच माणसाची तीन नावे घेऊन लोक काउंटरवर येतात आणि पूर्वी त्यांना तीन वेळा सभासद म्हणून नोंदवले गेले होते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बेळगावी असे बदलल्यानंतर पत्त्याच्या रकान्यातही जुने आणि नवे अशी दोन नावे आणि त्यांची नाना स्पेलिंगे जमली होती. त्यामुळे गावनिहाय अहवालात एकाच शहराच्या पाच ओळी निघत. चंदगड तालुक्यातून बाजारासाठी येणारे आमचे सभासद पत्त्याने महाराष्ट्रातले, पण सॉफ्टवेअरने राज्याच्या रकान्यात सर्वांना कर्नाटकच लिहिलेले होते. मी असे ठरवले की, माणसाची ओळख सभासद क्रमांकाने पक्की करायची, त्याची सर्व कागदोपत्री रूपे त्या क्रमांकाखाली वेगवेगळ्या रकान्यांत जशीच्या तशी जपायची आणि पासबुकावर मात्र तो स्वतः जसे नाव लिहितो तसेच छापायचे. जुन्या फाँटचा नाद सोडताना कर्मचाऱ्यांना इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची समान कीबोर्ड मांडणी शिकवली आणि त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. या मांडणीत ज्या कळीवर मराठीचा क आहे तिच्यावरच कन्नडचाही क आहे, त्यामुळे आमच्या मराठी मुलांना कन्नड अर्ज टंकणे आणि कन्नड शाळेत शिकलेल्या सहकाऱ्यांना मराठी नावे टंकणे वेगळे शिकावे लागले नाही.

बॅकअपविषयी लिहिताना मला २०१९ च्या ऑगस्टकडे परत जावे लागते. त्या वर्षी जिल्ह्यातल्या नद्यांना महापूर आला आणि मलप्रभेच्या काठालगतच्या आमच्या एका शाखेत तळमजल्यावर पाणी शिरले. व्यवहारांची माहिती मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर असल्यामुळे ती सुरक्षित राहिली. पण कर्ज प्रकरणांचे आणि सह्यांच्या कार्डांचे स्कॅन शाखेतल्या संगणकावर होते आणि त्यांची दुसरी प्रत ज्या हार्ड डिस्कवर होती ती डिस्क त्याच खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. दोन्ही एकाच पाण्यात भिजल्या. मुख्य कार्यालयात असलेली प्रत सहा आठवड्यांपूर्वीची होती, कारण ती डिस्क मी स्वतः जाऊन घेऊन येत असे आणि त्या पावसाळ्यात माझे जाणे झाले नव्हते. ओले कागद दोरीवर वाळत घालून, एकेक पान सुटे करून, आम्ही त्या सहा आठवड्यांचे स्कॅन पुन्हा केले; काही पाने वाचता आली नाहीत आणि त्या सभासदांना नव्याने सह्यांसाठी बोलवावे लागले. घरात चिखल साचलेला असताना ती माणसे आली.

त्यानंतर माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जगभर पाळला जाणारा नियम आम्ही अक्षरशः पाळू लागलो. दुसरे ठिकाण म्हणून उंचावरची शाखा निवडली. एक प्रत संगणकाला कायम जोडलेली नसावी असाही नियम केला, कारण २०१७ च्या मे महिन्यात संगणकातल्या फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने जगभर जे केले त्यात जोडलेली साधनेही कुलूपबंद झाली होती. परंतु मला सर्वांत मोठा धडा मिळाला तो परत घेण्याच्या चाचणीत. पुरानंतर मी प्रथमच एक बॅकअप रिकाम्या संगणकावर परत उतरवून पाहिला आणि तो अर्धाच निघाला. साधनावरची जागा संपली होती, तरीही प्रोग्राम रोज रात्री ‘पूर्ण’ असा संदेश देत होता आणि मी तो रोज सकाळी वहीत टिपत होते. आता दर तिमाहीला एका शनिवारी मी बॅकअप परत उतरवते आणि त्यातली एकूण ठेव, सभासदसंख्या आणि शेवटचा व्हाउचर क्रमांक हे तीन आकडे त्या दिवशीच्या छापील दिवसअखेर पत्रकाशी जुळवते. तिन्ही जुळले, तरच बॅकअप झाला असे लिहिते.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे आणि नोंदी १८० दिवस जपण्याचे निर्देश काढले. नोंदी आमच्याकडे होत्या. पण वेगवेगळ्या शाखांच्या नोंदी एकत्र लावून पाहिल्या, तेव्हा एका शाखेचे घड्याळ सतरा मिनिटे मागे असल्याचे आढळले. त्या संगणकाच्या मदरबोर्डवरची बारीक बॅटरी संपत आली होती आणि करंट गेला की घड्याळ भरकटत होते. त्या मुलीच्या प्रकरणात वेळच निर्णायक ठरणार असती, तर सतरा मिनिटांच्या त्या फरकाने काय केले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आता सर्व यंत्रांची घड्याळे एकाच ठिकाणाहून जुळवली जातात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि नव्या प्रणालीला न चालणारे आमचे जुने संगणक बदलण्यात आले. भंगारवाला गोणी घेऊन दारात उभा होता. पण त्या प्रत्येक संगणकात कोणाच्या ना कोणाच्या सह्या, कर्जे आणि घरातल्या अडचणी होत्या. मी डिस्क काढून घेतल्या, त्या पुसल्या आणि ज्या पुसता आल्या नाहीत त्यांना अध्यक्ष आणि शाखाधिकारी यांच्यासमोर ड्रिलने भोके पाडली. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, ती कोणत्या शाखेतली आणि कोणी नष्ट केली, याचे पत्रक करून तिघांनी सह्या केल्या. एकच डिस्क मी वगळली. तिच्यात जुन्या फाँटमधली मूळ सभासद यादी, ते दोन्ही फाँट आणि रूपांतराचा प्रोग्राम आहे. सतरा नावे तेव्हा कोणालाही खात्रीने वाचता आलेली नव्हती. मामा आता फिरत नाहीत, पण महिन्यातून एकदा पासबुक भरायला येतात, तेव्हा मी ती यादी त्यांच्यापुढे ठेवते. मागच्या वेळी त्यांनी त्यातले एक नाव ओळखले, म्हणून ती संख्या आता सोळा झाली आहे.